पन्नास हर्ट्झ

इंटरफेस पुण्याहून आला, आतेभावाचा, जुना,
निळा, एका कोपऱ्यात चेपलेला.
मागे फायरवायरचं तोंड.
माझ्या लॅपटॉपला त्या तोंडाचं काहीच नाही.
आतेभाऊ फोनवर म्हणाला, वस्तू सोनं आहे,
फक्त एक अडॅप्टर घे,
मग त्या अडॅप्टरला आणखी एक अडॅप्टर.
तिसऱ्याचं नाव सांगताना त्याचा फोन कटला.

मग बर्डी. मे, दुपारचे चार,
डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात.
सुबोध गजभियेनं काउंटरवर वायरी मांडल्या
कोथिंबिरीच्या जुड्या मांडाव्या तशा.
ही थंडरबोल्ट, म्हणाला,
हिच्यासोबतच्या डब्याच्या किमतीत नवा कूलर येते, वर पंप.
ही यूएसबी, साधी, टू पॉइंट झिरो.
किती जण गाता?
मी एकटी. आणि आमच्या ह्यांची खंजेरी.
"मंग दोन जणांसाठी कायले रस्ता रुंद करता ताई,
आधीच गावातलं सिमेंटचं काम संपून नाही राहिलं."

विलंब? तो असनच, म्हणाला. पाच-सहा मिलीसेकंद.
हे मला बसमध्ये टोचत राहिलं.
मानेवाड्याला उतरेपर्यंत हिशेब केला:
आवाज तेवढ्या वेळात दोन मीटर चालतो.
म्हणजे हेमराज सतरंजीच्या त्या टोकाला बसतो
आणि मी ह्या,
तेवढंच.
इतकी वर्षं आम्ही तेवढ्याच उशिरानं एकमेकांना ऐकतोय
आणि कोणी तक्रार केलेली नाही.

निळा डबा परत केला. साधी यूएसबीवाली डबी घेतली.

रात्री दोन. कूलर बंद, पंखा बंद,
फ्रीजचा प्लग काढलेला, दूध देवावर सोडलेलं.
हेमराजच्या कोपरावरून घाम खंजेरीवर.
हेडफोन लावला, आणि
शब्दांच्या खाली कोणीतरी घुमत होतं.
वायर बदलली. आखूड आणली.
डावं पोर्ट, उजवं पोर्ट.
सुबोधला नाही नाही ते बोलले मनात.
चार्जर काढला की थांबायचं,
पण बॅटरी अकरा मिनिटांची
आणि भजन चौदा.

खालचे देवमनजी खोरगडे, रिटायर लाइनमन,
झोप नाही म्हणून गच्चीवर जाता जाता दारात थांबले.
यूएसबी म्हणजे काय, त्यांनी विचारलं नाही.
हेडफोनचं एकच टोक कानाला लावलं,
जसं खांबाला कान लावत असतील.
"हा पन्नासचा आहे. घरातलाच.
अर्थिंग सुकली असन. पानी टाकलं कधी तिले?"

कोणी टाकलं होतं?
मीटरखाली, फरशीचा तुकडा सरकवला तर
भेगाळलेली माती, एक पाल, खिळ्याएवढं तांब्याचं टोक.
खडेमीठ मूठभर.
बंद कूलरच्या टाकीतलं पाणी, हिरवट, वाळ्याच्या वासाचं,
दोन बादल्या.
माती पीत असताना बारीक आवाज येत होता,
तो कुठल्याच माइकमध्ये नाही.
आम्ही तिघं मोबाइलच्या उजेडात वाकून.
देवमनजी म्हणाले, अजून एक टाका.

गुणगुण गेली.

मग मी जुन्या टेक ऐकल्या, एकामागून एक.
पन्नास हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच, खूप खालची,
पण केसभर चढी.
माझा सा पांढरी पाच.
प्रत्येक टेकमध्ये तिसऱ्या कडव्याला
मी केसभर वर.
मला वाटायचं, भाव चढतोय.
मी तर भिंतीतल्या विजेचं बोट धरून चालत होते.

पहाटे चारला पुन्हा बसलो.
तंबोरा ॲप हेमराजनं बंद केलं, म्हणाला, असंच पाहू.
खाली काहीच नव्हतं.
सा लागेना.
तो खंजेरी मांडीवर पालथी ठेवून वाट पाहत बसला
सतरंजीच्या त्या टोकाला.
डबीवरचा लाल दिवा चालू होता,
साध्या वायरीतून आमचं गप्प बसणं आत जात होतं,
सहा मिलीसेकंद उशिरानं.
ती टेक मी अजून पुसलेली नाही.